हनुवटीखालचा रंग

शालनवहिनींना इटलीत पोलिसांनी पकडलं, ही बातमी आमच्या सोसायटीत सकाळी सव्वाआठला आली. साडेआठपर्यंत त्या तुरुंगात होत्या. नऊच्या सुमारास त्या एका म्युझियममध्ये सुरा काढून रखवालदाराच्या अंगावर धावल्याचं नक्की झालं, आणि साडेनऊला ए विंगमधले एक काका गंभीर चेहरा करून म्हणाले, "आता वकिलातीला कळवावं लागेल." हे काका आयुष्यात तलाठ्याच्या ऑफिसातही कधी एकटे गेलेले नाहीत. बातमी पसरवण्यात माझा काही हात नव्हता. मी फक्त चौदा जणांना सांगितलं.

आणि पुरावा होता ना! फोटो. वहिनी चकचकीत फरशीवर एक गुडघा उभा करून बसलेल्या, समोर लोखंडी पातं, भोवती गणवेशातले तीन गोरे, आणि मागे रांगेतले शंभरेक लोक मोबाईल वर धरून. फोटो टूरमधल्या कुणीतरी उल्हासनगरला पाठवला, तिथून तो अंबरनाथला गेला, आणि आमच्याकडे बदलापुरात, सोनिवलीच्या नव्या इमारतींत पोचेपर्यंत वाटेत प्रत्येक स्टेशनानं त्यात थोडी भर घातली होती.

खरं काय ते वहिनी परत आल्यावर कळलं, आणि ते नेहमीप्रमाणे अफवेपेक्षा बुटकं निघालं. सुरा नव्हता, विळी होती. कुणी पकडलं नव्हतं, बॅग तपासली होती. आणि त्या फरशीवर बसल्या होत्या, कारण ही वस्तू काय आहे हे त्या तिघांना तोंडानं समजेना. "मग दाखवायला नको?" वहिनी म्हणाल्या. "पिशवीत काकडी होतीच. बसले आणि चिरून दाखवली. एकाने तर खाल्ली पण."

आता विळी घेऊन बाई म्युझियममध्ये कशाला जाते, असं कुणी विचारेल. त्यासाठी शालनवहिनी इटलीत करतात काय, ते सांगावं लागेल.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये राजूशेठ म्हणून एक सिंधी गृहस्थ आहेत. पूर्वी जीन्सच्या पँटी बाहेर पाठवायचे, आता माणसं पाठवतात. त्यांच्या जाहिरातीत रोमचा फोटो तिकिटाएवढा असतो, आणि 'शुद्ध शाकाहारी, रोज गरम फुलका' ही अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. गिऱ्हाईक त्यांनी बरोबर ओळखलंय. आपला माणूस दोन हजार वर्षांचा इतिहास बघायला एका पायावर तयार असतो, फक्त दुपारी एकला वरण-भात पडला पाहिजे. नाहीतर त्याला इतिहासात ॲसिडिटी होते.

तो फुलका गेली चार वर्षं शालनवहिनी लाटतात. त्याआधी त्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या शिफ्टवाल्यांना डबे द्यायच्या. पहिल्या टूरला बसमध्ये एका आजींनी त्यांना गोड आवाजात आडनाव विचारलं. वहिनींनी सांगितलं. आजी दोन दिवस बिस्किटांवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी व्हेनिसमध्ये कढीला फोडणी बसली आणि आजींचा धर्म जरा रुंद झाला. "तीन वाट्या घेतल्या," वहिनी सांगतात. "चौथी मी मुद्दाम विचारली नाही."

तर सात वेळा इटलीला गेलेली बाई आमच्या सोसायटीत दुसरी नाही. पण त्यांनी इटलीत काय बघितलं, तर पार्किंग. पहाटे हॉटेलच्या मुदपाकखान्यात एक कोपरा मिळतो, तिथे सकाळचा स्वयंपाक. मग मंडळी बसमधून उतरून कला बघायला जातात आणि वहिनी बसच्या पायरीवर विळी मांडून संध्याकाळची कोशिंबीर करतात. रोम त्यांना बसच्या मागच्या काचेतून माहीत. पिसाचा तो तिरका मनोरा त्यांनी पाहिलाय, पण वरचे तीनच मजले. खालचे संडासाच्या इमारतीमागे जातात.

"म्हणजे तिरका आहे की नाही, नक्की सांगता येणार नाही तुम्हाला," मी म्हटलं.

"आपली बी विंगपण तिरकीच आहे भाऊजी. तिला बघायला कोण येतं?"

पार्किंगमधून बाईंनी इटलीचा जो अभ्यास केलाय, तो मात्र नऊ दिवसांत नऊशे फोटो काढून आलेल्या कुणालाही जमलेला नाही. दुपारी एक ते चार तिथं दुकानं बंद असतात. मालक घरी जेवून झोपतो. ("उल्हासनगरात एखादा असा झोपला तर शेजारी त्याचं शटर विकून मोकळा होईल.") भिंतींचं प्लास्टर सुटलेलं, आतल्या विटा दिसतात, दरवाजे फरशीला घासतात, आणि तरी कुणी बिल्डरला बोलवत नाही. आमच्याकडे इमारत पंधरा वर्षांची झाली की पुनर्विकासाच्या मीटिंगला चहा सुरू होतो. आणि फ्लोरेन्सच्या हॉटेलातला म्हातारा आचारी, वहिनींनी हिंगाची डबी उघडली की नाक धरून सगळ्या खिडक्या उघडतो, आणि आमटी उकळली की वाटी घेऊन मागे उभा राहतो. नावं ठेवायची आणि वाटी पुढे करायची. बदलापुरात आणि तिथं एवढंच अंतर असेल तर विमानाला दहा तास का लागतात कळत नाही.

एवढं सगळं असून वहिनींना तिथली एक गोष्ट बघायची होती. चार वर्षं बघायची होती. आणि त्यामागे होता आमचा महेंद्र.

महेंद्र म्हणजे त्यांचा नवरा. एकेकाळी बदलापुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. नंतर फ्लेक्स आला. मशीन एका तासात वीस फुटी नेता छापून देतं, दातांसकट. महेंद्रचे ब्रश वाळले. आता तो एमआयडीसीतल्या कंपन्यांत केमिकलच्या टाक्यांवर 'ज्वलनशील' आणि 'धोका' लिहितो आणि खाली कवटी काढतो. कवटी उत्तम काढतो. काय त्या डोळ्यांच्या खोबणी, काय ती जबड्याखालची काळी सावली! त्याच्या टाकीपाशी बिडी पेटवायची कुणाची छाती होत नाही.

ह्या महेंद्रला सोनिवलीच्या विहाराची भिंत मिळाली. नवं विहार बांधलं, आतली समोरची भिंत दहा फुटी, त्यावर बुद्ध काढायचा. कमिटीचे अध्यक्ष सोमाकाका स्वतः येऊन सांगून गेले. महेंद्रनं दोन महिने सुट्टीचे दिवस घालून चीवर काढलं, हात काढले, मागचं पिंपळाचं झाड पानापानानं काढलं. चेहरा शेवटी. चेहरा काढला, आणि संध्याकाळी कमिटी बघायला आली.

सोमाकाकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "महेंद्र, तथागतांना मिशी कुठून आणलीस रे बाबा?"

मिशी नव्हती. नाकाखालची सावली होती. हनुवटीखालची सावली मात्र लांबून थेट दाढी वाटत होती. चार दिवसांची. इतकी वर्षं कवटीला शोभलेला काळा रंग बुद्धाला शोभत नव्हता. महेंद्रनं खरवडून पुन्हा काढला. मग तपकिरी घालून काढला, तर चेहरा मळका दिसायला लागला. मोबाईलवर बघितलं, तर एक पोरगा सांगतो जांभळा घाला, दुसरा सांगतो निळा, आणि चित्र मोठं करून पाहावं तर स्क्रीनचा उजेड कमीजास्त केला की रंगच बदलतो. कमिटीनं ठराव केला: वैशाखी पौर्णिमेपर्यंत चेहरा नीट झाला नाही, तर भिंतीवर फ्लेक्स लावायचा.

ठरावात फ्लेक्स हा शब्द घालायची काही गरज नव्हती, असं माझं मत. पण मला कोण विचारतं?

महेंद्रकडे जुन्या कॅलेंडरचं एक पान होतं, इटलीतल्या चर्चमधलं कुठलंतरी चित्र, बाई आणि बाळ. वर्षानुवर्षं ते त्याच्या रंगाच्या पेटीच्या झाकणात चिकटवलेलं. छपाई भुरकट झालेली. विहाराची भिंत मिळायच्या कितीतरी आधी, पहिल्या टूरपासूनच तो वहिनींना म्हणायचा, "तू तिथं जातेसच. एकदा आत जाऊन जवळून बघ. हनुवटीखाली ह्यांनी काळा घातलाय की नाही, एवढंच बघ." आणि बघून नुसतं तोंडी सांगितलं तर बायकोच्या 'हिरवट' आणि 'पोपटी'मध्ये काय फरक ते कळायचं नाही, म्हणून त्यानं रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड आणून दिलं. तेच ते, छोट्या छोट्या चौकोनांचं, ज्यावरून लोक हॉलचा रंग ठरवतात आणि मग भांडतात. वहिनींनी ते मसाल्याच्या पिशवीत ठेवलं, म्हणजे विसरायला नको.

राजूशेठ दर टूरला म्हणायचे, "शालनबाई, नेक्स्ट टाइम पक्का." सहा नेक्स्ट टाइम असेच गेले. यंदा, ठराव झाल्यावरच्या एप्रिलमध्ये, फ्लोरेन्सला एका प्रवासीबाईंचा गुडघा धरला. म्युझियमचं सव्वाचारचं तिकीट वाया जाणार! राजूशेठना माणसाचा गुडघा बघवतो, तिकिटाचं वाया जाणं बघवत नाही. पार्किंगमध्ये फोन आला: "शालनबाई, दौड़ के आओ, पाँच मिनट में! साईं, टिकट फुकट जाएगा!"

वहिनी काकड्या चिरत होत्या. विळी घडी केली, हाताला लागली ती मसाल्याची पिशवी घेतली, विळी पिशवीत, उरलेली काकडी पिशवीत, आणि पळाल्या. पुढचा फोटो आपण पाहिलाच.

विळी आत न्यायला परवानगी नाही, आणि सामान ठेवायच्या खोलीतही नाही. एक तर विळी घेऊन बाहेर जा, नाहीतर विळी सोडा आणि आत जा. ही विळी वहिनींच्या सासूची. डब्यांच्या धंद्यात तिनं किती मण कांदा कापला असेल, देव जाणे. राजूशेठ मागून ओरडत होते, "छोड़ दो ना, कॅम्प दो से नई दिलाता हूँ!" वहिनींनी ती त्या काकडी खाल्लेल्याच्या हातात दिली आणि आत गेल्या. परत यायचा रस्ता निघाला भलत्याच बाजूनं, आणि बस सुटायची होती. विळी तिथंच राहिली. इटलीची माणसं काही टाकत नाहीत. कधीतरी काचेच्या पेटीत ठेवतील आणि खाली लिहितील, 'शस्त्र, भारत. बसून लढण्याचे.'

आत वहिनींना चाळीस मिनिटं मिळाली. गाईड बाई छत्री उंच धरून पुढे चालली होती, मंडळी धावत मागे, आणि नावाजलेलं चित्र आलं की सगळे त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढत. वहिनी पहिल्याच मोठ्या खोलीत थांबल्या. तिथं दारापेक्षा उंच, मागे सगळा सोनेरी रंग असलेली जुनी चित्रं. सगळीकडे बाई आणि बाळ. जग चेहरा बघत होतं, वहिनी खालून वाकून हनुवट्या बघत होत्या, आणि पाट्या रंगवणाऱ्याची बायको म्हणून चित्रांखालच्या पाट्याही.

आणि त्यांना दिसलं. काळा नव्हता. कुठेच नव्हता. जुनं होऊन जिथं वरचा गुलाबी रंग झिजला होता, तिथं गालावर, मानेवर, नाकाच्या कडेला खालून हिरवा वर आला होता. आधी सगळा चेहरा हिरवा रंगवला होता चित्रकारांनी. मग वरून कातडीचा रंग, आणि सावली पडते तिथं हिरवा तसाच सोडून दिलेला.

वहिनींनी पिशवीतून शेड कार्ड काढलं आणि सातशे वर्षांच्या मेरीच्या गळ्यापाशी धरलं. हॉलला रंग काढायचा असावा तसं.

रखवालदार ओरडत आला. वहिनी एक पाऊल मागे सरकल्या, पण कार्ड खाली घेतलं नाही. एकदा कार्डाकडे, एकदा चित्राकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या हनुवटीखाली. तो माणूस थांबला. मग म्हणे तोच मान वाकडी करून वर बघायला लागला. बराच वेळ बघितलं, आणि कार्डावरच्या एका चौकोनावर बोट ठेवून मान हलवली. "रोज तिथं उभा असतो तो," वहिनी म्हणाल्या. "पण पहिल्यांदाच बघितलं असं वाटलं मला." त्या चौकोनावर त्यांनी नखानं खूण केली. बाकी म्युझियम बघायला वेळ उरला नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

पौर्णिमेला अकरा दिवस असताना वहिनी घरी आल्या. महेंद्रनं कार्डावरचा नंबर कागदावर उतरवून घेतला, दुकानातून त्याच नंबरचा रंग आणला आणि चेहरा पुसून त्यावर दिला. वरून कातडीचा रंग चढवला. मी तिथंच होतो. मदत म्हणून नाही, बघायला. आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, आधीची मिशी बरी होती. आता चेहरा राखाडी झाला होता, ताप उतरून थंड पडलेल्या माणसासारखा. सोमाकाका आले, दारातूनच बघितलं आणि चपला न काढता परत गेले. संध्याकाळी कळलं की त्यांनी फ्लेक्सवाल्याला माप दिलंय.

महेंद्र शिडीवरून उतरला. ब्रश धुतले, डब्याचं झाकण लावलं. वहिनींना मात्र मी सोडतो होय? म्हटलं, "सात वेळा गेलात, विळी घालवलीत, आणि आणलंत काय, तर राखाडी. राखाडी आमच्याकडे भिंतींना फुकट येतो, वहिनी, दुसऱ्या पावसाळ्यात."

"हिरवा होता," त्या म्हणाल्या. "मी डोळ्यांनी बघितलाय."

"मग नंबर चुकला."

"नंबर चुकला नाही. खूण आहे ना माझ्या नखाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, गाडी काढा, दुकानात जायचंय." आणि रंगाच्या दुकानात त्यांनी नवं कोरं शेड कार्ड मागून घेतलं, आपलं जुनं त्याच्या शेजारी गल्ल्यावर ठेवलं. एकच कंपनी, एकच नंबर, तोच चौकोन. नव्यावर राखाडी-निळा. जुन्यावर सरळ हिरवा.

वहिनींनी जुनं कार्ड उचललं आणि वास घेतला.

"हळद," त्या म्हणाल्या.

चार वर्षं मसाल्याच्या पिशवीत! पुडीतून गळलेली हळद त्या कोपऱ्यातल्या चौकोनांत मुरून बसली होती. राखाडी-निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं, हे शाळेतलं पोर सांगेल. मेरीच्या गळ्याशी जुळला होता तो कंपनीचा रंग नव्हता. कंपनीचा रंग अधिक बदलापूरच्या गिरणीतली हळद होती.

महेंद्रला दाखवलं. तो कार्ड हातात घेऊन पायरीवर बसला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मग उठला, त्याच डब्यात थेंब थेंब पिवळा घालत गेला आणि प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावर फासून कार्डाशी लावून बघत गेला. बाराव्या पुठ्ठ्याला वहिनी म्हणाल्या, "बस." तेरावा त्यानं तरी केला. बायकोचं पहिल्या झटक्यात ऐकायचं नाही, ही कलावंताची रीत असावी. मग बाराव्यावर परत आला.

चेहऱ्याला त्याला तीन दिवस लागले. आधी सगळा हिरवा. हिरवा झाला तेव्हा वस्तीतली माणसं दारातून डोकावून जात होती आणि बाहेर जाऊन काय बोलत होती ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं मीच सुरू केलं होतं. मग त्यावर कातडीचा रंग, पातळ, एकावर एक. नाकाच्या कडेला, पापणीखाली, हनुवटीखाली हिरवा सोडून दिला.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सकाळी सोमाकाका आले. मागे कमिटी, आणि कमिटीच्या मागे फ्लेक्सवाला, गुंडाळी काखोटीला मारून. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. चेहरा भिंतीवर नव्हता, भिंतीच्या थोडा पुढे होता. मिशी नाही, दाढी नाही, मळ नाही. हिरवा तर शोधून सापडेना. डोळे मिटलेला एक शांत माणूस, आत्ता श्वास सोडेल असा. मी एरवी कुठल्याही गोष्टीवर काहीतरी बोलतोच, माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी आधी दारात जाऊन चपला काढून आलो.

सोमाकाकांनी हात जोडले. मग वळून फ्लेक्सवाल्याला म्हणाले, "तू जा रे." तो गुंडाळी घेऊन गेला. महेंद्र शिडीला टेकून उभा होता, त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग कमिटीला कंठ फुटला. आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो, महेंद्रच करणार. आम्हीच भिंत दिली. ठराव केला म्हणून तर त्याच्यात जिद्द आली. असं बोलता बोलता सोमाकाका चित्राच्या खालच्या रिकाम्या पट्टीकडे बघत म्हणाले, "महेंद्र, ही जागा मोकळी दिसते. इथं कमिटीची नावं टाक बरं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सगळे सभासद. अक्षर तुझं चांगलंय, दोन तासांचं काम. आणि खाली बारीक, चित्र महेंद्र पेंटर, असं तुझंही टाक कुठंतरी."

महेंद्र ब्रश उचलायला वाकला. तो नाही म्हणणाऱ्यांतला नाही.

शालनवहिनी दाराशी रंगाचे डबे पुसत होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"सोमाकाका," त्या म्हणाल्या, "मी तिथं प्रत्येक चित्राखाली वाकून वाचलंय. सगळ्यांखाली काढणाऱ्याचं नाव होतं. कमिटीचं एकाही चित्राखाली नव्हतं."